बर्कच्या काचघरातला स्वयंपाक

अठराव्या शतकातला ब्रिटिश संसदपटू एडमंड बर्क याला पुराणमतवादी विचाराचा आद्य प्रवर्तक म्हणतात. त्याच्या ग्रंथांहूनही मला एक प्रसंग अधिक बोलका वाटतो. १७८१ साली राघोबादादांचे वकील, म्हणजे दूत, हणमंतराव लंडनला गेले असता त्यांना आपला आचार पाळून राहण्याजोगी जागा मिळेना, तेव्हा बर्कने त्यांना बीकन्सफील्डला आपल्या घरी नेले आणि बागेतले काचघर स्वयंपाकपाण्यासाठी मोकळे करून दिले. (राघोबादादांविषयी मराठी माणसाचे मत काय, हे वेगळे सांगायला नको.)

बर्कचे नाव निघते ते १७९०च्या, फ्रेंच राज्यक्रांतीवर तुटून पडणाऱ्या ग्रंथामुळे. समाज ही हयात माणसे, होऊन गेलेले पूर्वज आणि अजून न जन्मलेल्या पिढ्या यांची भागीदारी आहे, असे तो म्हणतो. बदल त्याला अमान्य नव्हता. बदलाची सोय नसलेले राज्य टिकतही नाही, हे त्यानेच लिहिले. त्याचा राग होता तो कोऱ्या पाटीवर नवा समाज आखू पाहणाऱ्यांवर. या गोंधळातून अखेर एखादा सेनानी सत्ता बळकावील, हे भाकीत त्याच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी नेपोलियनने खरे केले.

परंतु हाच बर्क बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरील महाभियोगामागची मुख्य प्रेरणा होता, हे विसरले जाते. काशीचा राजा चेतसिंग आणि अवधच्या बेगमा यांच्यावरील जुलमांचे आरोप त्याने १७८८पासून सात वर्षे लढवले. युरोपात जे पाप ते आशियात पाप नाही, अशा ‘भौगोलिक नीती’ची त्याने संसदेत निर्भर्त्सना केली. १७९५ साली हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. माझ्या मते खरा बर्क इथे दिसतो: पॅरिसमधील क्रांतिकारकांची असो वा कलकत्त्यातील कंपनीची, निरंकुश सत्ता त्याला सारखीच असह्य होती.

मात्र त्याची दृष्टी एका जागी अडते. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेतसाठी हळहळणाऱ्या बर्कला जुन्या राजवटीत पिचलेले लोक तेवढ्या कळवळ्याने दिसले नाहीत, ही क्रांतीचा समर्थक लेखक टॉमस पेन याची टीका मला मान्य आहे. काचघरातल्या त्या स्वयंपाकाचा त्याने मान राखला. पण तोच आचार मायदेशी कोणाकोणाला उंबऱ्याबाहेर ठेवत होता, हा प्रश्न त्याला पडल्याचे दिसत नाही. फुल्यांनंतरच्या मराठी वाचकाला तो पडल्यावाचून राहत नाही.

तरीही १७९६ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्याने मित्राला कळवले होते की, हिंदुस्थानसाठी केलेली धडपड हेच आपले स्मारक व्हावे.