उपाशी राहून व्हिटॅमिन तयार होत नसतंय ओ

आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात सध्या दिवसातनं एकदाच जेवायचं फॅड निघालंय, आणि वर व्हॉट्सॲपवर ज्ञान फिरतंय की पोट रिकामं ठेवलं की शरीर आपली व्हिटॅमिनं आपणच तयार करतंय. कशातनं करणार ओ? पीठच नाही तर भाकरी कशाची थापणार?

मुळात शरीराला स्वतः जमणारी व्हिटॅमिनं थोडकीच. डी कातडीत उन्हानं होतंय, त्याला जेवणाचं फारसं देणंघेणं नाही (खानापूर-जांबोटीकडं पावसाळ्यात ऊनच दिसत नाही ते वेगळं). गाजर-पालेभाजीतल्या कॅरोटीनचं ए होतंय, पण ते अंगी लागायला थोडं तेल-तूप पाहिजे आणि डाएटवाले पहिलं तेच बंद करतात. सी तर आपल्याला बनवताच येत नाही, शेळीला येतंय. बी-12 मोठ्या आतड्यातले जंतू करतात खरं, पण ते शोषून घ्यायची जागा त्याच्या आधीच्या लहान आतड्यात, म्हणजे बनून उपयोग शून्य.

खरी गंमत बी-3 ची म्हणजे नायसिनची. ते आपलं लिव्हर प्रोटीनमधल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून बनवतंय, पण साधारण 60 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन खर्ची पडलं की कुठं 1 मिलिग्रॅम नायसिन, आणि त्यालाही बी-2, बी-6, लोह लागतंय. जेवणच तोडलं की प्रोटीन आधी ताकदीसाठीच जळतंय, मग नायसिनला काय उरणार? आणि आपण तर जोंधळा खाणारी माणसं. हैदराबादला पोषणशास्त्रज्ञ डॉ. सी. गोपालन यांनी 1960 च्या दशकात अभ्यास केला होता, दख्खनात नुसत्या जोंधळ्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा म्हणजे नायसिन कमी पडून होणारा रोग व्हायचा, उन्हात कातडी काळी पडून सोलायची, जुलाब, डोकं भ्रमायचं. त्यांनी बोट ठेवलं जोंधळ्यातल्या जास्तीच्या ल्युसीनवर, हा प्रोटीनचाच एक घटक नायसिन बनण्यात आडवा येतोय असं त्यांचं म्हणणं. म्हणून भाकरी वाईट असं कोण म्हणतंय? सोबत आमटी, शेंगाची चटणी, दही असलं की प्रश्नच नाही. पण एक वेळचं जेवण आणि त्यातही भाकरी-ठेचाच, ह्याला डाएट कशाला म्हणायचं.

आमच्या गल्लीतल्या अक्का विचारतात, मग वजन कसं उतरवू? भात, साखर, कुंद्यासारखी गोड मिठाई कमी करा की, डाळ-अंडी-भाजी कशाला तोडताय! आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय एकवेळ जेवणाच्या नादाला लागू नका, मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली की बी-12 तसंही कमी होतंय आणि काही गोळ्यांवर उपाशी राहिलं की चक्कर येऊन पडायची पाळी.