१९५७ साली आणे बुडाले नव्हते

‘१ एप्रिल १९५७ ला आणे रद्द झाले आणि खानदेशातल्या गरिबांची जमापुंजी रातोरात मातीमोल झाली’ हा मजकूर जळगाव-धुळ्याच्या गटांत फिरतोय. तो खोटा आहे.

रुपयाची किंमत त्या दिवशी बदललीच नाही. १६ आण्यांऐवजी त्याचे १०० नवे पैसे झाले, एवढंच. जुनी नाणी पुढेही काही वर्षं सोबत चालली. चार आणे म्हणजे २५ नवे पैसे, आठ आणे म्हणजे ५०. इथे कुणाचं काही गेलं नाही. खरी अडचण एका आण्याची होती. हिशेबाने सव्वासहा नवे पैसे, पण आण्यांचे नवे पैसे करायच्या सरकारी तक्त्यात ६. सुट्ट्या खरेदीत असा पाव पैसा अडायचा, आणि गरिबाला तोही जड होता. पण जमापुंजी बुडाली नाही. कृपया हा मजकूर पुढे पाठवू नका.