‘मराठवाड्याच्याच नेत्यांचा बळी जातो’ हे खरं नाही

मराठवाड्यातला एखादा मोठा नेता वादात सापडला की दोन-चार दिवसांत व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरायला लागतो. शब्द बदलतात, म्हणणं तेच राहतं. बळी नेहमी आपल्याच भागाच्या नेत्यांचा दिला जातो. आरोप सिद्ध झालेला नसताना राजीनामा कशासाठी? हा गेला की मराठवाड्याची खुर्ची गेली. आणि याच्या तोडीचा दुसरा आहे तरी कोण? चांगली शिकलेली, विचारी माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासायला हवा.

बळी फक्त आपल्याच माणसांचा जातो, हा पहिला मुद्दा तर सरळ चुकीचा आहे. सिमेंट वाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेल्यावर १९८२ मध्ये मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झालेले बॅरिस्टर अंतुले कोकणातले. जावयाशी संबंधित पुण्याच्या भूखंडाचा वाद चालू असताना १९९९ मध्ये मनोहर जोशींनी मुख्यमंत्रिपद सोडलं, तेही कोकणातलेच. भोसरीच्या जमिनीवरून २०१६ मध्ये मंत्रिपद सोडणारे एकनाथ खडसे खानदेशातले, २०२१ मध्ये गृहमंत्रिपद सोडणारे अनिल देशमुख विदर्भातले. मराठवाड्याचे निलंगेकर, विलासराव आणि अशोक चव्हाण हे तिघे मुख्यमंत्री वादातून गेले हे खरं. पण ‘फक्त आपलेच’ म्हणायला जागा नाही.

आता दुसरा मुद्दा, आरोप सिद्ध होण्याचा. इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळी गल्लत इथेच होते. मंत्रिपद सोडणं म्हणजे शिक्षा नव्हे. १९८६ मध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर यांच्या कन्येच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणवाढीचं प्रकरण, त्याच परीक्षेला बसलेल्या एका डॉक्टरच्या याचिकेवरून उच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. तुरुंगात कुणी गेलं नाही, पण राज्याच्या प्रमुखावर तसे ताशेरे असताना त्या खुर्चीत बसता येत नव्हतं. मुंबईतल्या ‘आदर्श’ गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात अशोक चव्हाणांनी नोव्हेंबर २०१० मध्ये राजीनामा दिला. त्यांच्यावर खटला चालवायला राज्यपालांनी दिलेली परवानगी उच्च न्यायालयाने रद्द केली ती डिसेंबर २०१७ मध्ये. म्हणजे मधे सात वर्षं गेली. त्यांना दोषी ठरवलं गेलं नाही, हे तर मान्यच करायला हवं. तरीही ज्या सोसायटीत नातेवाइकांचे फ्लॅट निघाले, तिची चौकशी मुख्यमंत्री म्हणून स्वतःच्याच सरकारकडून करून घेणं योग्य झालं असतं का?

बीडचं उदाहरण तर अगदी ताजं आहे. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तो जोडलेला असल्याचं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. आरोपींमध्ये वाल्मिक कराड यांचं नाव आलं, ते तेव्हाचे अन्न व नागरी पुरवठा मंत्री धनंजय मुंडे यांचे निकटवर्तीय म्हणून ओळखले जात. मुंडे स्वतः त्या खटल्यात आरोपी नाहीत. त्यांनी मंत्रिपद सोडलं ४ मार्च २०२५ ला, आरोपपत्र दाखल झाल्यानंतर, खुनाचे फोटो लोकांसमोर आल्याच्या दुसऱ्या दिवशी. जवळजवळ तीन महिने.

त्या तीन महिन्यांत केज तालुक्यातल्या एखाद्या साक्षीदाराच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार तो मजकूर पाठवणाऱ्यांनी करावा. जिल्हा नियोजन समितीची बैठक ज्याने कधी पाहिली आहे त्याला हे सांगावं लागत नाही. मधल्या खुर्चीत पालकमंत्री, शेजारी जिल्हाधिकारी, पोलिस अधीक्षक, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. गावाचा रस्ता, शाळेची खोली, विजेची डीपी, सगळा निधी त्या टेबलावरून जातो. ठाण्याला कोणता निरीक्षक येणार याची चर्चा अख्ख्या तालुक्यात असते. ज्या नेत्याला गावाने वर्षानुवर्षं त्या खुर्चीत बघितलं, तो मंत्रिमंडळात असताना त्याच्या जवळच्या माणसाविरुद्ध ठाण्यात जाऊन जबाब द्यायला केवढी छाती लागते! राजीनामा हवा तो या माणसासाठी. नेत्याला पुढे कोर्टातून सुटता येतं, परत निवडूनही येता येतं. साक्षीदार एकदा फिरला की खटलाच हातातून जातो.

राजकारण संपतं म्हणावं तर तेही नाही. २६/११ नंतर ‘ताज’च्या पाहणीत चित्रपट दिग्दर्शकाला सोबत नेल्यावरून विलासराव देशमुखांना पद सोडावं लागलं, पुढच्याच वर्षी ते केंद्रात मंत्री झाले. अशोक चव्हाण २०१४ च्या मोदी लाटेत नांदेडमधून खासदार झाले.

खुर्ची जाण्याची भीती मात्र मला खोटी वाटत नाही. २०१० मध्ये मुख्यमंत्रिपद नांदेडहून सातारा जिल्ह्यातल्या कराड गावच्या पृथ्वीराज चव्हाणांकडे गेलं ते अजून परत आलेलं नाही. विकासाच्या अनुशेषाचा विषय तो मोजणाऱ्या दांडेकर समितीपासून, म्हणजे १९८४ पासून, आपण ऐकतो आहोत, तेव्हा माणसं घाबरणारच. पण आधीचे दोन प्रसंग पाहा. १९८६ मध्ये निलंगेकरांच्या जागी शंकरराव चव्हाण आले, दिल्लीतलं गृहमंत्रिपद सोडून. २००८ मध्ये विलासरावांच्या जागी अशोक चव्हाण. दोन्ही वेळा लातूर जिल्ह्यातून गेलेली खुर्ची नांदेडला आली, मराठवाड्यातच राहिली. म्हणजे मराठवाड्याने मागायचं ते वादात सापडलेल्या माणसाला वाचवा असं नव्हे, त्याच्या जागी आमच्यातलाच दुसरा द्या, असं. बीडच्या वेळी ती मागणी कुणी जोर लावून केलीच नाही. सगळा जोर एका माणसाला टिकवण्यात गेला आणि अन्न व नागरी पुरवठा खातं मे २०२५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याच्या छगन भुजबळांकडे गेलं.

‘दुसरा आहे कोण?’ हा प्रश्न ज्यांना अवघड वाटतो त्यांनी आठवावं की विलासराव बाभळगावचे सरपंच होते. गोपीनाथ मुंडे बीड जिल्हा परिषदेतून वर आले. पर्याय तिथे तयार होतो. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसवले गेले. नवी माणसं दिसणार कुठून? आणि घराण्याबाहेरच्या दुसऱ्या फळीला उमेदवारीच्या रांगेतही उभं राहू द्यायचं नाही, मग पर्याय नाही म्हणायचं, हे मला मान्य नाही.

माझ्या मते बदली माणूस निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो गेलेल्या नेत्याच्या घरातला नसावा. त्याच्या ठेक्यांच्या साखळीतला नसावा. आणि तो मराठवाड्यातलाच असावा. आपले आमदार पक्ष बाजूला ठेवून निदान या तिसऱ्या अटीवर एकत्र मुख्यमंत्र्यांकडे गेले, तर खुर्ची जाईल ही भीती कुणालाही दाखवता येणार नाही.