कोर्लईच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर, जरा लांबलंय

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला म्हणून उत्तर दिलं नाही, दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं की यातलं थोडं खरं आहे, तेव्हा आधी तेच कबूल करतो. मी लिहिलं होतं की रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोर्लई गावातल्या किरिस्तावांनी, म्हणजे ख्रिस्ती लोकांनी, आपली पोर्तुगीजातून आलेली भाषा ‘जशीच्या तशी’ जपली, ते चुकलंच. बाकी तुमचं म्हणणं असं की हे लोक बाटवलेले, पोर्तुगीज गेले तरी त्यांची मोडकी भाषा धरून बसलेले, आणि मी त्याचं कौतुक करतोय. यावर बोलू.

बाटवण्याचं मी झाकत नाही. 1505 मध्ये पोर्तुगीज खाडीपलीकडच्या चौल बंदरात आले, 1521 ला किल्ला बांधायला घेतला, 1594 मध्ये निजामशाहीकडून समोरचा कोर्लईचा डोंगर घेतला. या सगळ्यात देवळं पडली, बळजबरी झाली, गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, बसलं, हे कोणी नाकारत नाही. पण 1740 मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे आलं तेव्हा ज्यांना जमलं ते गोव्याला गेले, मागे राहिले ते गरीब शेतकरी. म्हणजे सत्ता गेली, संरक्षण गेलं, फायदा तर काहीच उरला नाही, आणि तरी या लोकांनी क्रूस सोडला नाही. जोर-जबरदस्तीने आलेला धर्म जबरदस्ती संपल्यावरही पावणेतीनशे वर्षं टिकतो तेव्हा तो त्यांचा झालेला असतो असं मला वाटतं, तुम्हाला नसेल पटत तर नसेल.

आता भाषेचं. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली बोली. बोलणारे हजाराच्या आतबाहेर, सगळे त्या एका गावचे. शब्द बरेचसे पोर्तुगीज, हे खरं. पण क्लेमेंट्स म्हणून एक अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी वर्षानुवर्षं या बोलीचा अभ्यास केलाय आणि त्यातून दिसतं ते भारी आहे. पोर्तुगीज माणूस ‘मी खातो भात’ अशा क्रमाने बोलतो, कोर्लईत क्रियापद सरकत सरकत वाक्याच्या शेवटी गेलंय, अगदी आपल्या ‘मी भात खातो’ सारखं, म्हणजे शब्द लिस्बनचे आणि वाक्याची बैठक रायगडची. मोडकी कसली, ही मराठीच्या मांडीवर वाढलेली भाषा आहे. आणि शब्दांचाच हिशेब करायचा तर दादा, तुमच्या घरातली चावी, बटाटा, दाराची बिजागरी, गवंड्याचं घमेलं आणि एक तारखेचा पगार पोर्तुगीजच आहे, तो कोण परत करणार? (नाताळ हा शब्दसुद्धा त्यांचाच, आपण मात्र शुद्ध मराठी समजून ‘क्रिसमस म्हणू नका, नाताळ म्हणा’ असं पोरांना सांगतो.)

ही बोली टिकली कशी याचं उत्तर मात्र आपल्याला टोचणारं आहे. धर्म वेगळा म्हणून सोयरीक नाही, आणि मूळची जात खालची धरलेली म्हणून इतरांनी जवळ केलं नाही. लग्नं आपसात, बोलणं आपसात, मग बोली आपोआप राहिली. मी पलीकडे रेवदंड्याचा, आमच्या आजीच्या तोंडून ‘त्यांच्याकडचं पाणी’ हा विषय मी स्वतः ऐकलाय. तिच्या वेळी खाडीवर पूल नव्हता, तरीतून पलीकडे जायचं, एकाच तरीत टोपल्या शेजारी शेजारी आणि माणसं वेगळी बसलेली. तेव्हा ‘ते वेगळे राहिले’ म्हणण्याआधी कोणी ठेवलं तेही बघा.

गेल्या पावसाळ्यात मी तिकडे गेलो ते लावणीचे दिवस होते. कार्मेल मातेचा सण कॅलेंडरात 16 जुलैला, बरोबर त्याच आठवड्यात, आणि एक मावशी बांधावर बसून रोपाच्या मुठी बांधत होती, गळ्यात क्रूस, पदर कमरेला खोचलेला, डोक्यावर प्लास्टिकचं खोळ. नातवाला हाक मारली नो लिंगमध्ये, त्याने उत्तर दिलं मराठीत. मी विचारलं तर म्हणाली, “आमी बोलतो, पोरांना समजतं, पण जबाब शाळेच्या भाषेत देतात.” मग मी, जरा आगाऊपणे, प्रार्थना कुठल्या भाषेत करता ते विचारलं. “मराठीत. देवाला काय, त्याला सगळ्या येतात. आता हो बाजूला, पाय रोपावर पडतोय तुमचा.” खरंच पडत होता.

पूर्वी रोमन कॅथलिक चर्चमधली मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, जवळपास सगळीकडे लॅटिनमध्येच व्हायची, 1962-65 च्या व्हॅटिकन परिषदेनंतर स्थानिक भाषेला वाट मिळाली, आणि इथे स्थानिक म्हणून मराठी आली. म्हणजे ज्या चर्चला तुम्ही परक्यांचं ठाणं म्हणताय तिथे रविवारी मराठी घुमते, आणि नो लिंगला धोका असेल तर तो आपल्याच मराठीचा आहे, उलट नाही. यात आनंद मानू की वाईट वाटून घेऊ ते माझं अजून ठरलेलं नाही.

शेवटचा तुमचा मुद्दा, ‘मग उद्या सगळ्यांनाच भूमिपुत्र म्हणाल’. हो, म्हणेन. आमच्या रेवदंड्यात बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणायचे, त्यांना कोणी तुम्ही कुठले म्हणून विचारलं नाही. खाली मुरुडला सिद्दी, मूळचे आफ्रिकेतले. याच किनाऱ्यावर सगळे.

मूळ लेखातलं ‘जशीच्या तशी’ आज काढून टाकलंय, तुमचे आभार. फोटोतला दीपस्तंभ मात्र कोर्लईचाच आहे, किल्ल्याच्या पायथ्याचा. तुम्ही म्हणता तसा मुरुडचा नाही, एकदा जाऊन बघा, अलिबागहून मुरुडची एसटी तिथूनच जाते.