बकरीच्या बाळंतपणात पैसे कसे वसूल करावेत

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर साडेचार मिनिटांचा व्हॉइस मेसेज येऊन आदळला. मुन्नारहून. आमच्या गंगापूर रोडच्या मंडळींना तिथल्या इरविकुलम राष्ट्रीय उद्यानाच्या गेटवरून परत पाठवलं होतं, कारण निलगिरी ताहर या शेळीसारख्या दिसणाऱ्या रानटी प्राण्याच्या विणीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये ते उद्यान बंद असतं. "बकऱ्यांच्या बाळंतपणासाठी माणसांना हाकलतात! पॅकेजचे पैसे कोण देणार?" खाली लालबुंद चेहऱ्यांची रांग, आणि टूरवाल्याला पाठवायच्या तक्रारीवर सही करा म्हणून मला तीनदा आठवण. सहीऐवजी हे मार्गदर्शन पाठवतो आहे. पुढच्या खेपेला कुणा नाशिककराचा पैसा वाया जाऊ नये.

सर्वात आधी तारीख. बुकिंग फेब्रुवारीचंच करा. आपण इकडे आखाड साजरा करत असतो तेव्हा तिकडे ढगात निलगिरी ताहरचे नर टकरा घेत असतात. माद्या सहा महिने गाभण राहतात आणि पौष-माघात वितात. बहुधा एकच पिल्लू, आणि त्यातली बरीचशी पहिलं वर्षही काढत नाहीत. खाली बिबट्या, कोळसुंद्यांची टोळी, वर वारा आणि पाऊस. अशा वेळी रस्त्यावर शंभर माणसांनी शिट्ट्या मारल्या की आई कड्याकडे धावते आणि दोन आठवड्यांचं पिल्लू मागे पडतं. रील फार गोड येतं. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेजारचे सुद्धा चपला काढून, हळू आवाजात जातात, पण ती आपली बाळंतीण झाली.

दुसरं, बघताक्षणी "अरे, ही तर शेळीच!" असं मोठ्याने म्हणा. हिमालयाच्या दक्षिणेला भारतात या जातकुळीतला हा एकच रानटी प्राणी उरला आहे, हे कुणी सांगू लागलं तर त्याच्याकडे पाठ करून सेल्फी घ्या. मोठा नर गडद, जवळपास काळा, पाठीवर रुपेरी खोगीर घातल्यासारखा पट्टा, वजन शंभर किलोच्या आसपास. 2005 मध्ये जनुकं तपासून त्याची वेगळी प्रजाती (genus, म्हणजे जातीच्या वरची पायरी) मांडली गेली, कारण तो हिमालयातल्या ताहरपेक्षा मेंढ्यांना जवळचा निघाला. म्हणजे अपमान करायचाच असेल तर निदान "मेंढ्या" म्हणा.

शिंगं धरून फोटो काढा. याबद्दल लोकांना अटक झालेली आहे, तेव्हा फोटो पेपरातही येतो.

चिवडा सोबत ठेवाच. या प्राण्याला मिठाची ओढ जबर असते. पूर्वी राजमलाला, म्हणजे उद्यानाच्या पर्यटकांसाठी खुल्या भागात, त्यांना मीठ घालून माणसाळवलं गेलंय, त्यामुळे काही कळप डांबरी रस्त्यालगत बिनधास्त चरतात. तुम्ही मूठभर चिवडा पुढे केला की काम फत्ते. रवंथ करणाऱ्याच्या पोटात तळलेले पोहे गेले की काय होतं ते त्याचं तो बघेल. खरी मजा पुढची आहे. माणूस म्हणजे खाऊ, हे एकदा त्याच्या डोक्यात बसलं की तो माणसापासून पळणं सोडतो. वेफरवाला माणूस आणि तारेचा फास लावणारा माणूस यांचा वास सारखाच असतो, हे त्याला कोण सांगणार?

पाण्याची बाटली बॅगेत लपवून न्या.

शिकार मात्र मी सुचवणार नाही. तो जुना धंदा झाला, आणि महागही. प्राणी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मधला आहे: 3 ते 7 वर्षं कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. मुळात इरविकुलम हे चहामळेवाल्या साहेबांचं शिकारीचं रान. 1975 मध्ये ते अभयारण्य झालं, 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान. त्यांनीच नेमलेले मुथुवन आदिवासी राखणदार त्या रानात पिढ्यान् पिढ्या फिरत आले. फासात जनावर अडकवलं तर पकडले जाल. त्यापेक्षा त्याचं गवत संपवा. त्याला शिक्षा नाही, उलट नारळ आणि शाल मिळते.

कृती सोपी आहे. डोंगराच्या खोबणीत शोला, म्हणजे बुटक्या झाडांचं दाट रान. बाकी सगळा उतार गवताचा. ताहर त्या गवतावर जगतो आणि जीव वाचवायला लगतच्या कड्यावर जातो. गवतातून त्याला बिबट्या लांबून दिसतो. साहेबाला हे गवत ओसाड वाटलं. त्याने ऑस्ट्रेलियातून वॅटल (बाभळीच्या नात्यातलं झाड) आणि निलगिरी आणली. साहेब गेला, पण आपल्या खात्यांनी खड्डे खणणं काही सोडलं नाही. वॅटलच्या सालीतून कातडं कमावायचं टॅनिन, निलगिरीचं लाकूड चहाच्या कारखान्यांच्या भट्टीत. मराठीत तर गंमतच आहे, झाडही निलगिरी आणि प्राणीही निलगिरी, फक्त एक निलगिरी दुसरीच्या ताटावर जाऊन बसली. वॅटलखाली गवत मरतं, नजर अडते, कड्याची वाट बुजते आणि या डोंगरावरचा कळप त्या डोंगरावर जाऊ शकत नाही. मग आपसातच वीण. बरं, चूक कळल्यावर ते काढणंही सोपं नाही. बी जमिनीत दशकानुदशकं टिकतं. झाड तोडलं की ऊन लागून बी रुजतं, वणवा लागला की दुप्पट रुजतं. पावसाळ्यात माती ओली असताना रोपं मुळासकट उपटावी लागतात, आणि पुढच्या वर्षी परत, त्याच्या पुढच्या वर्षी परत. कुठल्याही उद्घाटनाला याचा फोटो बरा दिसत नाही.

"केरळवाल्यांनी वाट लावली" असं म्हणायच्या आधी जुलैतल्या एखाद्या रविवारी आपल्या नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर जा. 2017 पासून ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, कड्यात गिधाडांची घरटी आहेत. पठारावर कातळावर दोन बोटं माती, आणि त्या दोन बोटांत वीतभर उंचीचं अंजनेरी कंदीलपुष्प उगवतं. ते 2006 मध्ये विज्ञानाच्या नोंदीत आलं. तुम्हाला तिथे काय दिसतं? "मोकळी जागा"! मग टी-शर्ट, बॅनर, मिसळ, पहार, दीड फूट खड्डा आणि त्यात गिरीपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) काठी, कारण ती सहसा मरत नाही आणि गुरं सहसा खात नाहीत. गुरं खात नाहीत हे लावणाऱ्याला कौतुकाने सांगावंसं वाटतं! अरे, मग ते लावलंस कुणासाठी? मार्चमध्ये वणवा, जुलैत त्याच खड्ड्यात पुन्हा तेच रोप, पुन्हा तोच फोटो. गवत दिसलं की तुमच्या हाताला खाज का सुटते? गवत म्हणजे टक्कल नव्हे, की दिसलं की केस लावा.

आता ही उपरोधाची भाषा पुरे झाली, मला ती झेपत नाही.

2025 च्या एकत्रित मोजणीत केरळ आणि तमिळनाडू मिळून ताहर भरले 2,668. जगात दुसरीकडे कुठेही रानात ते नाहीत. आपल्या रस्त्यावरच्या चार-पाच सोसायट्यांत याहून जास्त माणसं राहतात, आणि त्यातल्या काहींना दोन महिने एक गेट बंद दिसलं म्हणून ग्राहक मंचात जायचंय. लाज वाटायला हवी. उद्यान दरवर्षी त्याच सुमारास बंद होतं, ही काही गुप्त बातमी नाही. टूरवाल्याने सांगितलं नसेल तर त्याच्याशी भांडा, खुशाल भांडा, पण तक्रारीत "बकऱ्या" हा शब्द घालून स्वतःचं हसं करून घेऊ नका.

एप्रिलनंतर जा. फॉरेस्टच्या बसने वर जा, रस्ता सोडू नका, आवाज खाली ठेवा, चिवडा हॉटेलवर ठेवा. ताहर जवळ आला तर हात खिशात घाला आणि त्याला जाऊ द्या. आणि या जुलैत अंजनेरीला पहार नेणार असाल तर आधी गुडघे टेकून त्या दोन बोटं मातीत काय काय उगवलंय ते बघा.

सही मी करणार नाही. चौथ्यांदा आठवण करू नका.