पुढची पायरी कुणासाठी?

गेल्या महिन्यात अमेरिकेत, मिनिआपोलिसमधल्या आइस रिंकवर मी फिगर स्केटिंगची प्रौढांसाठीची प्री-ब्रॉन्झ परीक्षा उत्तीर्ण झाले. त्याच रात्री साताऱ्याला फोन करून दादाला ही बातमी सांगितली, तेव्हा त्याने विचारले, "याचा उपयोग कुठे होतो?" प्रश्नात खोच नव्हती. त्याची मुलगी शाहू स्टेडियमवर धावायची. तिला दहावीत खेळाचे वाढीव गुण मिळाले आणि अकरावीला क्लास लागताच तिचे धावणे थांबले. वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतले खेळाडूंचे 5 टक्के आरक्षण हवे की नको, बोगस प्रमाणपत्रांना आळा कसा घालायचा, यावर आपल्याकडे सतत वाद चालतो. त्या वादात खेळाची प्रत्येक पायरी कुठेतरी वटवण्याचा कागद ठरते.

इथली रीत मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी कळली. प्रौढांच्या वर्गाला सहा पातळ्या असतात आणि पहिल्याच पातळीत पडायचे कसे व पडल्यावर उठायचे कसे, हे शिकवतात. त्यापुढे प्री-ब्रॉन्झ, ब्रॉन्झ, सिल्व्हर, गोल्ड अशी परीक्षांची चढण लागते. स्केटच्या पात्याला खाली दोन धारा असतात आणि त्यांच्या मधे बारीक खोबण. शरीराचा भार नीट एका धारेवर पेलला, तर बर्फावर एकच वळणदार रेघ उमटते; पाते सपाट पडले, तर शेजारी शेजारी दोन रेघा दिसतात. माझ्या कोच पहिले कित्येक आठवडे मला फेरी संपल्यावर मागे वळून वाकून रेघा पाहायला लावत आणि मला बहुतेक वेळा दोनच दिसत. आपले कसब किती, हे बर्फावर असे लिहून निघत असल्यामुळे मला दुसऱ्या कुणाशी तुलना करण्याची गरजच उरली नाही. पहिल्या खेपेस माझ्या निकालपत्रावर 'रिट्राय', म्हणजे पुन्हा प्रयत्न करा, असे लिहून आले. या परीक्षांच्या निकालात नापास हा शब्दच नाही. चाळिशीतल्या बाईला 'रिट्राय' या एका शब्दाने किती धीर येतो, हे मी अनुभवले आहे.

तरीही इथले सारे उत्तम आणि आपले सारे हिशेबी, असे मी म्हणणार नाही. बर्फावरच्या वेळेचे भाडे, कोचची फी, पात्यांना धार लावणे, हा खर्च पगारदार घरालाही जड जातो. उलट आपल्या सातारा जिल्ह्यात खेळातून मिळणारी नोकरी अनेक घरांचा आधार आहे. 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव पुढे पोलीस खात्यात लागले. माणमधल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या आणि नंतर शासकीय सेवेत आल्या. दुष्काळी पट्ट्यातल्या पोरांचा हा आधार काढून घ्या, असे इथे उबदार घरात बसून सांगण्याचा मला अधिकार नाही.

माझे म्हणणे एवढेच, की गुणांशी आणि नोकरीशी ज्यांचा काही संबंध नाही, अशाही पायऱ्या आपल्याकडे हव्यात. पोहणे, मल्लखांब, धावणे यांत तीस वर्षांच्या शिक्षिकेला किंवा पन्नाशीच्या दुकानदाराला, काल जमत नव्हते ते आज जमते, असे जाणकाराकडून तपासून घेता आले पाहिजे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढणारी माणसे दर वर्षी आपल्या आधीच्या वेळेशी झुंजतात, म्हणजे ही भूक आपल्याकडे आहेच.

माझ्या वहीत पुढच्या दोन वर्षांसाठी ब्रॉन्झ परीक्षा आणि सालकॉव्ह ही उडी लिहिलेली आहे. मागच्या दिशेने जात आतल्या धारेवरून उडून पूर्ण गिरकी घ्यायची असते. अजून माझी गिरकी अर्ध्यावरच संपते. त्याखाली तिसरी ओळ भाचीने फोनवरून लिहायला लावली आहे : पुढच्या पावसाळ्यात आत्याने साताऱ्याला यायचे आणि दोघींनी मिळून तो घाट न थांबता चढायचा.