शनिवारचा सत्यनारायण

नाक्यावर टपरीमागे गोणपाट अंथरून तीन पत्ती कुटतात ते जुगारी. तुमचं तसं नाही. तुम्ही घोडबंदर रोडला, चोविसाव्या मजल्यावर, एसीत बसून पोकर खेळणार आहात, तेव्हा मनात किंतु ठेवू नका. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मोबाइलमधला डाव मोडला. मग नोकरदार माणसानं शनिवारी रात्री करायचं तरी काय? भाड्याचा थ्री बीएचके, हिरव्या कापडाचं टेबल, फुकट बिर्याणी. शिवाय पत्ते वाटायला पगारी मुलगा.

गेटवरच्या वहीत येण्याचं कारण लिहावं लागतं. बिनदिक्कत 'सत्यनारायण' लिहा. दर शनिवारी रात्री अकराला आठ पुरुष बर्म्युडा घालून पूजेला येतात आणि पहाटे प्रसाद न घेता उतरतात, याचं वॉचमनला आता काही वाटत नाही. आणि योगायोग पाहा, रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, त्या १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात आंध्र सरकारसमोर उभे होते ते के. सत्यनारायणच! टेबलावर कुणी शंका काढली की हा निकाल तोंडावर फेकायचा. निकाल रमीचा आहे, पोकरचा नाही, हे सांगत बसू नका. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७मध्ये पोकरला जुगारात ढकललं, तेही नको. आणि जागेचा मालक खेळातून कमाई करत असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, हे त्याच सत्यनारायण निकालातलं वाक्य तर मुळीच वाचू नका. बिर्याणी घशाखाली उतरणार नाही.

कारण ती बिर्याणी तुमचीच आहे. प्रत्येक डावातून अड्डेवाला आपला वाटा काढतो. जुने लोक ज्याला नाल म्हणायचे, त्याला इथे रेक म्हणतात. वसूल तसाच होतो. धरून चला, आठ जण प्रत्येकी दहा हजार घेऊन बसले. टेबलावर ऐंशी हजार. प्रत्येक डावात सरासरी तीन हजार जमले आणि अड्ड्याच्या मालकानं पाच टक्के उचलले, तर डावाला दीडशे. तासाला पंचवीस डाव, म्हणजे पावणेचार हजार. सहा तासांत साडेबावीस हजार टेबलावरून गायब, आणि हरलं कोण म्हणाल तर सगळे थोडेथोडे. मालकानं पत्त्याला हातसुद्धा लावलेला नाही. पण तुम्ही समोरच्याचे डोळे वाचण्यात गर्क राहा, कौशल्याचा खेळ आहे.

'मी नुसता बघायला आलो होतो' हे वाक्य मात्र पाठ करू नका, चालत नाही. आपल्याकडचा जुगार प्रतिबंध कायदा १८८७चा, राणीच्या काळातला. अड्ड्यावर डाव चालू असताना सापडलेला माणूस खेळायलाच आला होता असं तो धरून चालतो. नव्हता आला, हे त्यानं सिद्ध करायचं. राज्य सरकारवर चिडू नका. लॉटरी ते १९६९पासून स्वतः चालवतं. कॅसिनोचा कायदाही १९७६ साली केला होता, पण कधी अमलात आणला नाही आणि २०२३मध्ये रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं ब्लाइंड खेळून शेवटी पॅक.

आणि समजा जिंकलातच! समोरचा म्हणाला, 'सोमवारी देतो, भाऊ.' तर हसून मान डोलवा. करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करार रद्दबातल मानतं, त्यामुळे ठाण्याच्या कोर्टात दावा लावून दमडी मिळणार नाही. उलट तुम्ही मालकाकडून उधारीवर चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, घेतल्या असतील, तर त्याला कोर्टाची गरज नसते. त्याची दोन पोरं तुमच्या ऑफिसखाली चहा पीत उभी राहतात. अतिशय नम्र पोरं. 'दादा, तेवढं बघा ना' एवढंच म्हणतात, दिवसातून चार वेळा.

धाड पडलीच, तर चिप्स, कॅट, मोबाइल असा मुद्देमाल जप्त होईल. पंच म्हणून पोलीस शेजारपाजारचं प्रतिष्ठित माणूस शोधतात, म्हणजे बहुधा सोसायटीचा सेक्रेटरी. तो रात्री दोनला चष्मा लावून पंचनामा सावकाश वाचेल, सही करेल आणि जाता जाता तुमच्याकडे वळून थकलेल्या मेंटेनन्सचं विचारेल.